आमची वाटचाल: चुना, जुना साग आणि चिकित्सालये

पंचकर्म चिकित्सालयांची अंतर्गत सजावट हे पुण्यातील आमच्या छोट्या फर्मचे मुख्य काम असून ते आम्ही चुन्याच्या गिलाव्यात, वाड्यांतून निघालेल्या सागवानात आणि शहाबादी फरशीत करतो. आज ही नावे प्रत्येकाच्या माहितीपत्रकात झळकतात. परंतु आम्ही आरंभ केला तेव्हा पेठांमधील वाडे भराभर उतरत होते, आणि त्यांतले कितीतरी लाकूड भवानी पेठेतील टिंबर मार्केटपर्यंत पोहोचण्याआधीच सरपणात जात होते, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

आमच्या पहिल्या ग्राहक वाईच्या एक वैद्यबाई. त्यांना सर्वांनी प्लायवूड आणि लॅमिनेटच सुचवले होते. स्वेदनाच्या, म्हणजे वाफेने घाम काढण्याच्या, बंद खोलीत वाफ आणि उष्णता वाढली की नव्या प्लायच्या गोंदातील फॉर्माल्डिहाइड अधिक सुटते, आणि रुग्णाने नेमके तेथेच दीर्घ श्वास घ्यायचा असतो, हा त्यांचा आक्षेप होता. आराखडा दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवून आम्हाला तेलाच्या द्रोणीवर, म्हणजे मालिशच्या टेबलावर, उताणे झोपायला सांगितले. रुग्णाला तासभर छताखेरीज काही दिसत नाही आणि डोळ्यांवर थेट ट्यूबलाइट येते, हे आम्हाला तेथे पडल्यापडल्या समजले. तेव्हापासून आमचे दिवे भिंतीच्या कडेने असतात आणि छताला जुन्या कडीपाटाच्या फळ्या असतात. चिकित्सालय काढू इच्छिणाऱ्या प्रत्येक वैद्याने सजावटकाराला आधी द्रोणीवर झोपवावे.

चुन्याचे काम आमचे भागीदार मिस्त्री पाहतात. कळीचा चुना विरवून तो मुरू द्यायचा, वाळू आणि सुरखीबरोबर, म्हणजे विटांच्या भुकटीबरोबर, चुन्याच्या घाणीत (दगडी चाक फिरते त्या गोल चरात) मळायचा, गुळाचे पाणी आणि हिरड्याचा काढा घालायचा, हे सारे त्यांना हाताच्या अंदाजाने कळते. त्यांच्या थापीचे पाते घासून घासून एका बाजूने चंद्रकोरीसारखे झिजले आहे आणि नवी थापी घेऊन दिली तरी ते ती कोणाला तरी देऊन टाकतात. सुतारकामात आमचा नियम एकच: जुन्या तुळईवरून चुंबक फिरवल्याशिवाय करवत लावायची नाही, कारण आत रुतलेला एक घडीव खिळाही पात्याची वाट लावतो. मात्र नैसर्गिक साहित्याचा हट्ट सर्वत्र धरू नये. रक्तमोक्षणाच्या, म्हणजे दूषित रक्त काढण्याच्या, खोलीत धुता येणारी, कमीत कमी सांधे असलेली ग्लेझ्ड टाइलच हवी; तेथे चुना किंवा लाकूड मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही स्पष्ट नकार देतो.

आता ज्या कामाने आम्ही जवळजवळ बुडालो होतो त्याविषयी. शहरातील एका मोठ्या चिकित्सालयाचे ते काम होते आणि गिलावा ऐन पावसाळ्यात पूर्ण झाला. चुना पाणी सोडतो आणि मग हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कठीण होतो. दमट हवेत सुकायलाच वेळ लागतो, त्यामुळे त्याला धीर द्यावा लागतो, हे आम्ही लेखी कळवले होते. परंतु मालकांना दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका बड्या ठेकेदाराने त्यांना ॲक्रिलिक रंगाचे दोन हात मारण्याचा सल्ला दिला आणि आम्हाला न विचारता तो अमलातही आणला. आतली ओल कोंडली, रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले, आणि दोष चुन्यावर, म्हणजे आमच्यावर आला. शेवटचे बिल अडकले. त्यावरील जीएसटी आम्ही बीजक काढले तेव्हाच भरला होता. मजुरी थकली आणि सागवानाच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. पुढे त्याच ठेकेदाराने आमचा गिलावा खरवडून लाकडाचे चित्र छापलेले लॅमिनेट आणि दगडासारखे दिसणारे पीव्हीसी पॅनेल बसवले, आणि त्यालाच ‘वाडा शैली’ म्हणून खपवले. स्वागतकक्षातील काउंटर मात्र त्याने हलवला नाही. तो आम्ही एका अखंड तुळईतून घडवला होता आणि तिच्या कुसवांच्या (सांध्यांच्या) जुन्या खाचा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. आज त्या ठेकेदाराच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्या खाचा स्पष्ट दिसतात. आमचे नाव अर्थातच कोठेही नाही.

त्या वर्षी वैद्यबाईंनी औषधनिर्मितीच्या नव्या खोलीचे काम काढले आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्या खोलीची त्यांना तेव्हा निकड नव्हती, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्यानंतर कोकणात आणि घाटावर कामे मिळत गेली आणि पुन्हा उधारी मागण्याची वेळ आली नाही.

फरशीबाबत येथे एक सांगून ठेवतो: शहाबादी हा चुनखडीचाच दगड असल्याने डाग काढण्यासाठी तिच्यावर ॲसिड ओतू नये, तिचा पृष्ठभाग जळून खडबडीत होतो. सांडलेले तेल आधी भुसा टाकून टिपावे आणि मग सोड्याच्या गरम पाण्याने फरशी पुसावी. थोडे तेल मुरून ती काळसर होते, ते शोभूनच दिसते. भिंतीचा रंग केव्हा आणि कोणता लावायचा हे आम्हीच ठरवू, ही अट आता करारनाम्याच्या पहिल्याच पानावर असते, आणि तिच्याखाली मालकांची सही झाल्याशिवाय मिस्त्री चुना भिजत घालत नाहीत.