रायफल लॉग, भाग ५: एकाच बंदुकीचे तीन वाढदिवस

मागच्या भागानंतर बरेच महिने गेले. काम चालूच होतं, लिहायचा कंटाळा केला, आणि खरं सांगायचं तर मागच्या वेळी जे ठासून लिहिलं होतं त्यातलं निम्मं चुकीचं निघालं म्हणून तोंड लपवून बसलो होतो. तर आज आधी कबुली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी, माझ्याकडचे सगळे पीस, म्हणजे जुन्या लष्करी रायफली, निकामी केलेले आहेत, त्यामुळे गोळी कशी लागते वगैरे मला विचारू नका, मला फक्त त्यांच्यावर ठोकलेले छाप वाचायची खाज आहे. तरीही हातात घेतली की पहिलं काम बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता तुकडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघणं, अंधार असेल तर बोट घालून बघणं. कागद कितीही पक्के असले तरी. आणि तुमच्याकडे परवान्याचे, निकामी करण्याचे नियम काय आहेत ते पीस घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

तर एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, ब्रिटिश सैन्याची रायफल. मागे मी लिहिलं होतं "१९४२ ची इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना), पूर्ण मूळ अवस्थेत". कशावरून? तर बट सॉकेटवर, म्हणजे बोल्टच्या दांड्याखाली दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी पट्ट्यावर, मुकुट, खाली जीआरआय, इशापूर, १९४२ आणि नंबर १ मार्क ३ स्टार असं स्वच्छ कोरलेलं आहे. झालं, मी खूश. दारावरची पाटी वाचली आणि घरातली सगळी माणसं ओळखली असं समजलो.

या वेळी वही घेऊन बसलो आणि जिथे जिथे आकडा आहे तिथला लिहून काढला. सॉकेट, नळी, बोल्टच्या दांड्याची मागची बाजू, नोज कॅप (नळीच्या तोंडापाशी लाकडावर बसणारी लोखंडी टोपी), मागच्या साईटच्या पट्टीची खालची बाजू. सॉकेट आणि नोज कॅप जुळले. बोल्टवर मात्र दोन नंबर, वरचा छिन्नीने काट मारलेला आणि त्याखाली माझ्या रायफलचा नंबर वेगळ्याच वळणाच्या आकड्यांत. म्हणजे हा बोल्ट दुसऱ्या कुठल्यातरी रायफलचा, कुणा आर्मररने, म्हणजे सैन्यातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने, इथे बसवून नंबर मारलेला. यात फसवणूक काही नाही बरं का, ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे, मागच्या बाजूला असतात आणि बोल्ट त्या त्या बॉडीला (ज्यात तो सरकतो त्या लोखंडी सांगाड्याला) बघून बसवावा लागतो, म्हणून तर त्याच्यावर नंबर मारायची पद्धत. मग नळीवरचं लाकडी झाकण, मागचा हँडगार्ड, काढला (हळू, तो क्लिपवर बसलेला असतो आणि जुनं लाकूड टचकन चिरतं) तर नळीवर साल '४५. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बॉडी ४२ ची, नळी ४५ ची, बोल्ट देव जाणे कुठला, आणि मॅगझिनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आरपार गेलेला तो आडवा स्क्रू, ज्याला सगळे इशापूर स्क्रू म्हणतात, तो लाकूड फाटू नये म्हणून घातलेला. आता माझ्या वहीत या पीसपुढे एक साल नाही, चार ओळी आहेत.

जीआरआय मधला आय बघत जा. तो इंपरेटरचा, म्हणजे सम्राट, आणि जीआर म्हणजे जॉर्ज राजा. हिंदुस्थानात बनलेल्यांवर जीआरआय, इंग्लंडात बनलेल्यांवर नुसतं जीआर. त्याआधी १९०१ ते १९१० ईआर (एडवर्ड) आणि १९०१ च्या आधी व्हीआर (व्हिक्टोरिया). पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज दोघांचं जीआरच, त्यामुळे तिथे साल बघितल्याशिवाय सुटका नाही. मार्क ३ आणि ३ स्टारचा गोंधळही नेहमीचा. मार्क ३ हा १९०७ चा, पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायला मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून ठेवणारी पट्टी) आणि बाजूची लांब पल्ल्याची व्हॉली साईट काढून टाकली तो ३ स्टार. आणि "नंबर १" हे नाव १९२६ मध्ये आलं, त्याआधीच्या पीसवर ते दिसलं तर शिक्का नंतरचा आहे असं धरून चाला.

आता एक किस्सा. ओळखीतल्या एकाने फोटो पाठवले, नंबर ४ मार्क १ (टी), म्हणजे ली-एनफिल्डचाच पुढचा प्रकार, दुर्बीण लावलेली स्नायपरवाली, बोल घ्यायची का. फोटोत सॉकेटवर टी ठसठशीत. मला तो टीच खटकला, कारण आजूबाजूचे सगळे छाप ऐंशी वर्षं हात फिरून गुळगुळीत झालेत, त्यांच्यात रंग भरून बसलाय, आणि हा टी मात्र काठ उचललेला, आतून पांढरं लोखंड चमकतंय. म्हटलं दस्त्याच्या खालच्या बाजूचे फोटो माग. खऱ्या टी रायफली बहुतेक हॉलंड अँड हॉलंडने बदलून दिल्या आणि त्यांचा कोड एस ५१ तिथे लाकडावर असतो, शिवाय दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा नंबर मारलेला असतो. दुर्बीण त्या एकाच रायफलला जुळवलेली असल्यामुळे. तिथे काहीच नाही, कोरं. विकणाऱ्याने म्हणे "दस्ता बदलला असेल". असेलही हो, पण मग टी पण बदलला असेल ना. नाही घेतली.

या मोसमातली सगळ्यात मजेची गोष्ट मात्र फिनिश एम-३९. ही रशियन मोसिन-नागांतच, पण फिनलंडने स्वतःच्या पद्धतीने बांधलेली. नळीवर व्हीकेटी (फिनिश सरकारी रायफल कारखाना), १९४२, आणि चौकटीत एसए, म्हणजे फिनिश सैन्याची मालकी. लाकूड पुढच्या बाजूला दोन तुकड्यांचं, बोटात बोटं अडकवावीत तसा जोड, ओलावा पिऊन वाकू नये म्हणून. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. पण फिन लोक रिसीव्हर, म्हणजे वर ज्याला बॉडी म्हटलं तो भाग, स्वतः बनवत नव्हते, रशियन रिसीव्हर वापरायचे, आणि रिसीव्हरचं खरं साल टँगच्या, म्हणजे त्याच्या मागच्या शेपटीच्या, खालच्या बाजूला असतं, जे लाकूड काढल्याशिवाय दिसत नाही. दोन स्क्रू काढले, नळी-रिसीव्हर लाकडातून उचलले, कापडाने पुसलं, आणि खाली १८९७! झारच्या कारखान्यात घडलेलं लोखंड, फिनलंड स्वतंत्र झाला १९१७ च्या डिसेंबरात, आणि पंचेचाळीस वर्षांनी तेच लोखंड नवी नळी लावून रशियाच्याच विरुद्ध उभं. वरून बघणारा तिला ४२ चीच म्हणेल आणि तो चुकीचाही नाही म्हणा.

के-९८ के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल, तिच्याबद्दल थोडक्यात. रिसीव्हरवर डॉट ४३, म्हणजे डी-ओ-टी, चेक शहर ब्र्नोचा कारखाना. जर्मनांनी कारखान्यांची नावं न लिहिता कोड वापरले, कुठे किती बनतंय ते कळू नये म्हणून. सुरुवातीला तर सालसुद्धा अक्षरात, के म्हणजे १९३४, जी म्हणजे १९३५. नंबर ९९९९ पर्यंत जाऊन मग मागे ए, बी, सी लागत जातात आणि दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून कुणी नुसता "४५२१ सी" असा नंबर पाठवून "कधीची आहे" विचारतो तेव्हा उत्तर देता येत नाही, कोड आणि साल दोन्ही पाहिजे. माझ्या पीसवर बोल्टवरचा नंबर विजेच्या पेन्सिलीने खरडलेला, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक्स, आणि लाकडावर लालसर शेलॅकचा (लाखेच्या वॉर्निशचा) थर. ही सगळी रशियन हाती लागलेल्या मालाची लक्षणं, तिकडे ढिगाने सुट्या करून, साफ करून, मिळेल तो बोल्ट लावून पुन्हा जोडल्या. काही लोक अशांना नाक मुरडतात. मला उलट त्या आवडतात, कारण त्यांच्यावर दोन सैन्यांची अक्षरं आहेत. हां, शेलॅक खरवडून "मूळ" करू नका, तो थर हाच आता तिचा इतिहास आहे.

हे मी सांगतोय ते स्वतः करून बसल्यावर. पहिल्या वर्षी घेतलेल्या लिथगोच्या (ऑस्ट्रेलियात बनलेल्या एसएमएलईच्या) दस्त्यावर मी सँडपेपर मारला होता. काळपट, तेलकट दिसत होता, मला वाटलं छान पिवळं लाकूड निघेल. निघालं पण. आणि त्याबरोबर उजव्या बाजूचा गोल शिक्का गेला, ज्यावरून मला तिचा निम्मा प्रवास कळला असता. आता ते लाकूड सुंदर आहे आणि मुकं आहे. लाकडाला आता मी फक्त सुती कापड आणि कच्चं जवसाचं तेल लावतो, तेही बोटभर, ब्रिटिश सैन्यात तेच चालायचं. लोखंडाला पातळ तेल, बस. स्टील वूल घरातून बाहेर काढलंय.

पुसट छाप वाचायची माझी सध्याची पद्धत: खोलीत अंधार, मोबाईलची टॉर्च अगदी आडवी, जवळजवळ लोखंडाला चिकटून, आणि हळूहळू फिरवत न्यायची. समोरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासायची, शाळेत नाणं घासायचो तसं. एसएमएलईच्या बोल्टवरचा काट मारलेला नंबर असाच सापडला, पाचपैकी चार आकडे.

पाचवा तीन आहे का आठ यावर चार रात्री गेल्या. काटेची रेघ बरोबर त्याच्यावरूनच गेली आहे. काल पुन्हा कागद घासला, आठ वाटतोय. आज सकाळी उजेडात बघितलं तर तीन. वहीत दोन्ही लिहून ठेवलेत, पेन्सिलीने.