आचाऱ्याच्या संसारापासून बेटावरच्या पंगतीपर्यंत : आमची वाटचाल

अमळनेरसारख्या तालुक्याच्या गावी सहलींचा व्यवसाय सुरू करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो गाडीचा किंवा मुक्कामाचा नसतो, आचाऱ्याचा असतो. आम्ही सप्तशृंगगड, पंढरपूर आणि अष्टविनायक अशा बसयात्रांपासून सुरुवात केली, तेव्हा आमच्या पत्रकावर देवस्थानांच्या नावांपेक्षा ‘सोबत घरगुती जेवणाची सोय’ ही ओळच मोठ्या अक्षरांत छापलेली असे. बसच्या टपावर शेगड्या, पातेली, शेंगदाणा तेलाचे डबे, ज्वारीच्या पिठाची पोती आणि काळ्या मसाल्याची बरणी असा सगळा संसार चढवला जाई. धर्मशाळेच्या अंगणात पहाटे चूल पेटे आणि दुपारी वरण-बट्टी किंवा शेवभाजी वाढली जाई. या पद्धतीची आज काही मंडळी थट्टा करतात, ती मला रास्त वाटत नाही. यात्रेला निघणाऱ्यांत साठी ओलांडलेले, माळकरी आणि बाहेरचे अन्न सहसा न खाणारे लोक बहुसंख्य होते आणि त्यांच्या पोटाची काळजी घेणे हाच त्या काळी आमच्या धंद्याचा पाया होता.

हा संसार प्रथम अडला तो रामेश्वरला. रामेश्वर हे पांबन बेटावर वसलेले असून मुख्य भूमीशी त्याला जोडणारा रेल्वेपूल १९१४ साली सुरू झाला. आमच्या तापी मार्गावरून जाणाऱ्या नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई गाठायची आणि तेथून पुढे रामेश्वरला जायचे, असा आमचा मार्ग होता. रेल्वेत गॅसचे सिलिंडर नेण्यास मनाई आहे, तरीही ‘कोण पाहतो’ असे म्हणून ते नेणारे त्या वेळी कमी नव्हते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्याला अशाच सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा जीव गेला, तेव्हा हा नियम कशासाठी आहे ते सर्वांनाच कळले. आम्ही मात्र रामेश्वरच्या पहिल्या यात्रेपासूनच शेगडी घरी ठेवली होती आणि देवळाच्या परिसरातील शाकाहारी ‘मेस’मध्ये केळीच्या पानावर मिळणाऱ्या भात, सांबार, रसम, दोन भाज्या आणि ताक या जेवणावर भिस्त ठेवली होती. पहिल्याच पंगतीत पारोळ्याकडच्या एका आजोबांनी वाढप्याला अहिराणीत विचारले, ‘भाऊ, आठे भाकर भेटी का?’ वाढप्याने हसून त्यांच्या पानावर आणखी भात वाढला. आजोबांनी तो ताकाबरोबर संपवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच मेसमध्ये जाण्याचा आग्रह धरला.

जुना पूल धोकादायक झाल्यामुळे डिसेंबर २०२२ पासून रामेश्वरपर्यंतच्या गाड्या बंद होत्या आणि ६ एप्रिल २०२५ रोजी नव्या पुलाचे उद्घाटन होईपर्यंत प्रवाशांना शेवटचा टप्पा रस्त्याने पार करावा लागत होता. त्या काळात रस्त्यावरच्या लहान खाणावळींशी आमची जी ओळख झाली, ती पुढे फार उपयोगी पडली.

आमच्या कामाला खरे वळण मिळाले ते अंदमानमुळे. मराठी माणूस अंदमानला जातो तो प्रथम सेल्युलर जेल पाहण्यासाठी. सावरकर १९११ ते १९२१ या काळात जेथे होते ती कोठडी पाहून झाल्यावरच त्याचे लक्ष समुद्राकडे जाते. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले, तर हॅवलॉक आणि नील ही बेटे २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या नावांनी ओळखली जातात. तिथल्या सहली विकणारे दलाल आमच्यासारख्या लहान संस्थांना बहुधा ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरूनच खोल्या देऊ करतात, कारण जेवणातच त्यांची कमाई असते. अशा जेवणात काय असते हे कोणालाही सांगायला नको. पनीरची एक लाल भाजी, एक मिसळलेली भाजी, पिवळी डाळ, जिरा राइस आणि गुलाबजाम. समुद्राने वेढलेल्या बेटावर जाऊन आमच्या प्रवाशांनी जळगावच्या हायवेवरच्या ढाब्यावर मिळते तेच, आणि तेही थंड झालेले, खावे हे मला पटेना. म्हणून आम्ही खोल्या केवळ न्याहारीसह, म्हणजे ‘सीपी’ पद्धतीने घेण्याचे ठरवले आणि बेटांवर जेवायचे कुठे याचा शोध घेण्यासाठी मी आणि माझे धाकटे बंधू हंगाम सुरू होण्याआधीच तिकडे गेलो.

या शोधात वाहनचालकाला ‘चांगले हॉटेल कोणते’ असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण जिथे त्याला प्रवासी आणल्याबद्दल काही मिळते तेथेच तो नेतो, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नाही. ‘तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?’ असे विचारले की चित्र बदलते. श्री विजयपुरमच्या जंगलीघाट भागात मासळी उतरते. तेथे सकाळी जाऊन उभे राहिले, तर कोणत्या लहान हॉटेलांची माणसे स्वतः येऊन कल्ले उचलून मासे निवडतात आणि कोण केवळ बर्फातला माल उचलून नेतात हे पाहता येते. आम्ही पहिल्या प्रकारच्या माणसांच्या मागोमाग त्यांच्या हॉटेलांपर्यंत गेलो. अॅबर्डीन बाजाराच्या बाजूला तामीळ, तेलुगू, मल्याळी आणि बंगाली अशी सगळी स्वयंपाकघरे चालण्याच्या अंतरात सापडतात. इडली खाऊन बाहेर पडावे तो समोर भात आणि माशाचा झोल, म्हणजे बंगाली पातळ रस्सा, तयार असतो.

बेटावरचे घड्याळ वेगळे चालते, हे प्रत्येक संयोजकाने ध्यानात ठेवायला हवे. अमळनेर आणि श्री विजयपुरम यांच्या रेखांशांत १७ अंशांहून अधिक फरक आहे आणि वेळ मात्र एकच असल्यामुळे सूर्य तेथे आपल्यापेक्षा सरासरी ७० मिनिटे आधी उगवतो व मावळतो; ऋतूप्रमाणे हा फरक थोडा कमी-जास्त होतो. डिसेंबरात पाच वाजण्याच्या सुमारास अंधारू लागते. चांगले ताजे जेवण दुपारी बाराच्या आत तयार असते, दोननंतर भाताच्या तळाला खरवड उरते आणि रात्री साडेआठनंतर अनेक लहान हॉटेलांत केवळ अंडी मिळतात. आमच्याकडे शेतावरून परतून रात्री नऊला जेवणारी मंडळी असतात, म्हणून त्यांना घरून निघण्यापूर्वीच हे समजावून सांगावे लागते.

शहीद द्वीपाविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या प्रवाशांना ते बेट सर्वांत जास्त मानवते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांचे सरकारने अंदमानात पुनर्वसन केले. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी नावे असलेल्या या बेटावर तीच कुटुंबे शेती करतात. अंदमानचा भाजीपाल्याचा मळा म्हणून हे बेट ओळखले जाते आणि तेथे वांगी मुबलक पिकतात, ही गोष्ट खान्देशी माणसाच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे हे निराळे सांगायला नको. धक्क्यापासून थोड्या अंतरावर पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या एका घरगुती हॉटेलात आम्ही आमचा गट नेतो. ते चालवणाऱ्या बाई चुलीच्या निखाऱ्यात वांगी भाजतात, त्यांची साल काढतात आणि कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर व मोहरीचे तेल घालून ती हातानेच कुस्करतात. आमच्या गटातल्या दोन वहिनींनी एकदा त्या चुलीजवळ बसून, आपल्याकडे वांगी कापसाच्या पळाट्यांवर भाजतात, लसूण व मिरची घालून लाकडी बडगीत ठेचतात आणि वर कांद्याची पात पेरतात, हे मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी सांगितले. त्या बाईंनी लगेच परसातून पात आणली, पाट्यावर लसूण ठेचला आणि शेंगदाणा तेल नसल्याने एका वाटीत तेलाशिवायच भरीत कालवून दिले. तेव्हापासून आमचा गट आला की भरिताच्या दोन परातींची सोय तेथे असते, एक त्यांच्या पद्धतीचे आणि एक आपल्या पद्धतीचे.

तेलाची बाब मी मुद्दाम मांडतो. परप्रांतात माणसाला परके वाटते ते मासळीमुळे किंवा भातामुळे नव्हे, तेलाच्या वासामुळे. बंगाली स्वयंपाकात मोहरीचे तेल असते, मल्याळी स्वयंपाकात खोबरेल असते आणि आमची जीभ शेंगदाणा तेलाच्या तर्रीवर पोसलेली असते. म्हणून आम्ही पहिल्या दुपारी तळलेले पदार्थ ठेवतो, कारण तापून धूर निघालेल्या मोहरीच्या तेलाचा उग्रपणा बराच उतरतो. मोहरी वाटून केलेला झोल दुसऱ्या दिवशी देतो. हे साधे वेळापत्रक पाळल्यापासून ताटे जवळजवळ भरलेली परत जाण्याचे प्रकार थांबले.

संख्येचा प्रश्न त्याहून अवघड होता. बारा-पंधरा माणसे बसतील अशा हॉटेलात पूर्ण बसभर मंडळी एकदम नेली, तर त्यांचेही हाल आणि आपलेही. आम्ही गटाच्या दोन पंगती करतो. एक पंगत जेवत असताना दुसरी किनाऱ्यावर असते. आदल्या संध्याकाळी माणसांचा आकडा आणि निम्मे पैसे पोहोचवतो, कारण ही हॉटेले मासळी पहाटे मोजून घेतात आणि अचानक आलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्याजवळ काही शिल्लक नसते. कांदे, बटाटे, कणीक असा पुष्कळसा माल मुख्य भूमीवरून बोटीने येतो. समुद्र खवळला की बोटी थांबतात आणि ताटातले पदार्थ कमी होतात, तेव्हा जे असेल ते खाण्याची तयारी ठेवावी लागते. भावाच्या बाबतीत मात्र आम्ही फार काटेकोर आहोत. एका ठिकाणी आम्हाला ताटाचा दर सांगून नंतर मोठ्या मासळीचे पैसे वजनावर लावण्यात आले होते. तेव्हापासून सुरमई, तांबोशी, शेवंड किंवा खेकडा वजनाने घ्यायचा असेल, तर तो कच्चा असताना तोलून, दर कागदावर लिहून घेऊन मगच चुलीकडे पाठवतो.

राहिला प्रश्न वारांचा. आमच्या गटात निम्मे लोक मासे खाणारे असले, तरी त्यांतले बरेच जण सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी किंवा एकादशी पाळतात. त्यामुळे बेटावरचा मुक्काम बुधवार, शुक्रवार किंवा रविवारी पडेल अशा बेताने आम्ही विमानाची तिकिटे पाहतो, आणि हे ऐकून मुंबईचे एक सहव्यावसायिक पोट धरून हसले होते. शाकाहारी मंडळींसाठी भांडी वेगळी ठेवण्याचे मान्य करणारीच हॉटेले आम्ही निवडतो. ज्यांना तेवढ्यानेही समाधान होत नाही, त्यांना आम्ही दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलांत नेतो आणि त्याबद्दल त्यांच्याशी वाद घालत नाही.

अंदमानचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी दीव आणि मालवण अशा दोन सहली आम्ही चालवतो. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कुरटे बेटावरून परतले की घरगुती खाणावळी समोरच असतात आणि भाषा आपलीच असल्याने तेथे आमचे काम फारसे उरत नाही. दीव हे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेले बेट आम्हाला सुरतमार्गे सोयीचे पडते. तेथे जाणाऱ्या काहींचा ओढा मासळीपेक्षा गुजरातेत न मिळणाऱ्या पेयाकडे अधिक असतो, त्याला आमचा इलाज नाही. बाकीच्यांना आम्ही बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा या कोळ्यांच्या बंदरावर नेतो. आठवडे बाजारात सुक्या बोंबलांचे भाव करण्यात आयुष्य गेलेल्या आमच्या बायका ओला बोंबील हाती धरून पाहतात, तेव्हा त्याच्या मऊपणाचेच त्यांना नवल वाटते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून निदान दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून त्या काळात मासळीसाठी दीव-मालवणला येऊ इच्छिणाऱ्यांना आम्ही दिवाळीनंतर येण्यास सांगतो, मग नोंदणी हातची गेली तरी चालेल.

आमचे आचारी अजूनही आमच्याकडेच आहेत. बसयात्रांना ते जातात आणि हंगामाआधी बेटांवरच्या हॉटेलांची पाहणी करायला त्यांनाच पाठवतो, कारण शिळे तेल आणि कालचा मासा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा आमच्यात दुसरा कोणी नाही. नोंदणीच्या अर्जावर आता नाव आणि वयाखाली मासे खाता का, कोणते वार पाळता, मोहरीचे तेल चालते का, असे तीन रकाने आहेत. ते भरून आल्याशिवाय आम्ही तिकिटे काढत नाही.