कॅम्पर ट्रेलरची जमीन

आईला पलंगावर झोप लागत नाही. खाली अंथरूण टाकलं की ती शांत झोपते. त्यामुळे घरीच कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची झोपायची खोली, बनवायचं ठरलं, तेव्हा भिंती आणि छताच्या आधी मी जमिनीचा विचार केला. सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि दिवस मावळला तरी डांबर धग सोडतच असतं. लोखंडी सांगाड्यावर नुसता प्लाय ठोकला असता, तर ती धग थेट तिच्या पाठीला लागली असती.

सांगाडा अँगलचा, 8 बाय 4 फुटांचा. अख्खी शीट बसते, मध्ये सांधा येत नाही. सुतारमिस्त्री म्हणाले, "अण्णा, 18 एमएमचा एकच टाका, विषय संपला." पण त्या शीटचं वजन 30 किलोच्या वर जाऊनही उष्णता म्हणावी तशी अडत नाही. मी खाली 6 एमएम प्लाय, मध्ये 25 एमएम एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोमचा बोर्ड) आणि वर 12 एमएम प्लाय घेतला. एवढा एक्सपीएस उष्णता अडवण्यात साधारण 4 इंच प्लायची बरोबरी करतो. लाकडी पट्ट्या धरून वजन थोडं वाढलं, ते मला मान्य होतं. दोन्ही प्लाय आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का पाहूनच उचलले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. सनमायका चिकटवायला वापरतात ते रबरी सोल्युशन मी एक्सपीएसवर फासलं आणि डोळ्यांदेखत फोम विरघळून खड्डे पडले. त्यातल्या सॉल्व्हंटनं थर्माकोलसुद्धा असाच खाल्ला जातो. पूर्ण बोर्ड वाया गेला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुठलाही गोंद आधी तुकड्यावर लावून रात्रभर ठेवतो.

मग पीयू (पॉलियुरेथेन) गोंद आणला. तो ओलाव्यानं धरतो आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या हवेत ओलावा कुठला! प्लायवर पाण्याचा हलका फवारा मारला, तेव्हा कुठे तो नीट फुलला. कडेनं आणि आत दर 16 इंचांवर सागाच्या 25 एमएम पट्ट्या, त्यांच्या मधल्या खणांत फोम घट्ट बसवला. गोंद फुगताना वरचा प्लाय उचलतो, म्हणून वजन ठेवावं लागतं. शेजारच्या कारखान्यातल्या काकांनी चादरींचे गठ्ठे दिले. दगडांपेक्षा ते बरे, सगळीकडे सारखा दाब पडतो. ज्या फरशीवर हे सगळं जुळवलं, ती लेव्हलनं तपासून घेतली होती. तिथे बाक असेल तर तोच बाक जमिनीत कायमचा राहतो.

माझ्या मते खरी मेख स्क्रूत आहे. अँगलमधून थेट वरच्या प्लायपर्यंत स्क्रू गेला, तर लोखंडाची उष्णता त्याच वाटेनं वर चढते. म्हणून खालून 30 एमएमचे स्क्रू मारले. ते सागाच्या पट्टीतच थांबतात. वरचा प्लाय वेगळ्या छोट्या स्क्रूंनी त्याच पट्ट्यांना धरलाय. अँगल आणि प्लायच्या मध्ये रबराची पट्टी आहे.

खालच्या बाजूला बिटुमेन (डांबरी) रंगाचे दोन हात आधीच देऊन वाळवले होते. कडांना इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) चोळून चोळून लावलं, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनंच.

जुलैत तुळजापूरला जाऊन आलो, वाटेत चांगलाच पाऊस लागला. परतल्यावर खाली झोपून बॅटरीच्या उजेडात एकेक स्क्रू पाहिला. मागच्या कोपऱ्यातल्या एकाभोवती ओला काळा डाग होता. तिथे सीलंट लावायचं राहून गेलं होतं. स्क्रू काढला, भोक 4 दिवस वाळू दिलं, इपॉक्सी भरून पुन्हा बसवला.