फक्त वर्णन वाचून चित्रात काढलेला शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), अपडेट ३

नियम तोच, फोटो बघायचा नाही, जुन्या लेखकाने जे लिहून ठेवलंय तेवढंच कागदावर आणायचं.

अ‍ॅरिस्टॉटल (इसवीसनपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक तत्त्वज्ञ) एकदाचा संपला. या माणसाने प्राणी नुसता बघितला नाही, फाडूनही बघितलाय, चिरल्यावरसुद्धा बराच वेळ श्वास चालू असतो असं लिहितो. बरगड्या माशासारख्या पोटापर्यंत आलेल्या, शेपटी वादीसारखी गुंडाळलेली, डोळे खोल, कातडीने झाकलेले आणि सगळीकडे फिरणारे. पण माझी वाट लागली ती पायांत. पुढच्या पायाला आतून तीन बोटं बाहेरून दोन, मागच्याला बरोबर उलटं, आतून दोन बाहेरून तीन. मी घाईत चारही पाय सारखेच काढले, शाई वाळल्यावर लक्षात आलं, मग काय, अख्खा कागद गेला. एवढं बारीक बघणारा माणूस आणि जिभेबद्दल अवाक्षर नाही! त्यामुळे माझ्या चित्रात तोंड बंद.

मग प्लिनी घेतला, पहिल्या शतकातला रोमन लेखक. इथे तोंड कायम उघडं, कारण म्हणे हा प्राणी खात नाही पीत नाही, हवेवर जगतो. (अ‍ॅरिस्टॉटलने हे कुठेही म्हटलेलं नाही.) रंग जवळच्या वस्तूचा घेतो, फक्त लाल आणि पांढरा सोडून, म्हणून त्या दोन ट्यूब मी ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि मग कळलं की वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागदच की, त्यामुळे आधी सगळ्या कागदावर पातळ पिवळा वॉश मारावा लागला. अ‍ॅरिस्टॉटल मात्र म्हणतो की रंग अंग फुगल्यावर बदलतो, म्हणजे कारण आजूबाजूला नाही, प्राण्याच्या अंगातच, आणि ते आजच्या माहितीच्या जास्त जवळ आहे. चारशे वर्षं नंतरचा लेखक, आणि चित्र मागे गेलेलं.

पुढचा नंबर थॉमस ब्राउन या इंग्रज लेखकाचा, १६४६. तो सरळ विचारतो की नुसती हवाच खायची तर पोट, आतडी, दात कशाला, आणि सांगतो की या प्राण्याला माश्या पकडणारी जीभ आहे. म्हणजे तिसऱ्या चित्रात एकदाची जीभ येणार. आडवा कागद घेऊन ठेवलाय, उजवीकडे अर्धी जागा मोकळी सोडून.