कुंडी नसलेलं शहर

रात्री साडेअकराला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, भुट्ट्याचा कीस हाणला आणि हातात रिकामा द्रोण उरला. टाकायचा कुठे? कचराकुंडी कुठेच दिसेना. रस्त्यावरच्या मोठ्या कुंड्या इंदूर महापालिकेने केव्हाच उचलून नेल्यात. कुंडी ठेवली की तिच्याभोवती उकिरडा होतोच, हे आपल्यालाही ठाऊक आहे. फक्त ती हटवायची हिंमत होत नाही. शेवटी ज्याच्याकडे खाल्लं, त्याच्याच डब्यात द्रोण टाकला.

सकाळी मामेबहिणीच्या दारात घंटागाडी आली. इथली गाडी गाणं वाजवत येते आणि ते दिवसभर डोक्यातून जात नाही. बहिणीचे डबे आधीच रांगेत! मी घाईघाईत माझी पिशवी पुढे केली. गाडीवरच्या ताईंनी ती उघडली. चहाचा चोथा, केळ्याचं साल, त्यातच गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि एक ब्लेड. ‘दीदी, ये अलग डालो.’ आवाजात राग नव्हता, पण पिशवी परत माझ्या हातात. ‘पाहुणी आहे हो,’ बहीण ओशाळून म्हणाली. गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे आहेत. ब्लेडसाठीही जागा होतीच, मला दिसली नव्हती.

हे एका रात्रीत झालेलं नाही. 2016 मध्ये घरोघरचा कचरा उचलणं आधी मोजक्या वॉर्डांत सुरू झालं, मग पसरत गेलं. 2017 मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात, म्हणजे केंद्र सरकारच्या शहर-स्वच्छतेच्या क्रमवारीत, इंदूर पहिलं आलं. बहीण म्हणते, गाडी रोज वेळेवर येते हे पटल्यावरच लोक डबे वेगळे ठेवू लागले. मला हे पटलं. गाडी चार दिवस फिरकली नाही, तर कोण कशाला निवडत बसेल?

दुपारी भावजींनी देवगुराडियाच्या बाजूला नेलं. तिथल्या जुन्या कचरा डेपोवर साठलेला सुमारे 13 लाख टन कचरा 2018 मध्ये चाळून, वेगळा करून हटवला गेला. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला त्याची क्षमता रोज 550 टन ओला कचरा जिरवण्याची होती. तयार झालेल्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. पण ओल्यात प्लास्टिक-काच मिसळली की सगळंच बिनसतं. सकाळचं ब्लेड आठवलं आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बहिणीचा डबा न बघताच ओतला. माझी पिशवी मात्र उघडून पाहिली.