तुम्ही विचारलंत म्हणून: हा फोटो हललाय का?

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक फोटो आहे. दोन फूट रुंद. निळे-जांभळे पट्टे आणि त्यातून साप सरकावा तशी गेलेली एक केशरी रेघ. पाहुणे चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "हा हललाय का हो?" पाहुणा तरुण असेल तर, "कॉम्प्युटरवर केलंय ना?" मी "नाही, पाणी आहे" एवढं म्हणतो आणि चिवड्याची प्लेट पुढे करतो. आज जरा सविस्तर सांगतो.

पाणी आमच्या नागपूरच्या नाग नदीचं आहे. हो, तीच, सांडपाण्याची. लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून शहरात शिरते, पुढे पिवळी नावाच्या नदीला मिळून कन्हान नदीला जाते. वासाचं म्हणाल तर तो फोटोत येत नाही. आणि काळपट पाणी माझ्या फायद्याचं असतं. तळाकडून उजेड फारसा वर येत नाही, त्यामुळे काठावरच्या वस्तूंचं प्रतिबिंब गडद उमटतं. पावसाळ्यात मित्र फोन करतात, नदी भरून वाहतेय, जा लवकर. पण गढूळ पाणी म्हणजे दुधाचा चहा, त्यात कुठलाही रंग पडला की फिका होतो. माझा हंगाम दिवाळी ते होळी. मे महिन्यात तर ऊन थेट डोक्यावरून येतं, समोरच्या भिंतींना नीट लागतच नाही. शिवाय नागपूरच्या ४५ अंशांत नदीकाठी बसायला घरचे जाऊ देत नाहीत.

आता हललाय का, ते. कॅमेरा हललेला नाही. तो ट्रायपॉडवर, नदीच्या संरक्षक भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. हलतं ते पाणी. आरसा एक अंश कलला की त्यातलं प्रतिबिंब दोन अंशांनी सरकतं, आणि वाहत्या पाण्यात असे हजारो छोटे आरसे सतत कलत असतात. १/५०० सेकंदाला फोटो काढला तर रंगाचे काचेसारखे तुकडे मिळतात. १/८ च्या आसपास त्याच तुकड्यांचे धागे होतात. दोन सेकंद शटर उघडं ठेवलं की सगळ्याची खिचडी. मला धागे आवडतात. धबधब्याचं दूध करून टाकणारे तीस-तीस सेकंदांचे फोटो मात्र मला अजिबात सोसत नाहीत, पण तो माझा दोष समजा. भर उजेडात १/८ साधायला आयएसओ १०० (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक कमी), लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६, आणि वर एक एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सला घातलेला गॉगल. सकाळी दोनशे फोटो काढले तर घरी आल्यावर दोन उरतात. कधी एकही नाही.

हललेले फोटो म्हणजे चुकलेले फोटो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नाव सांगतो: अर्न्स्ट हास. या छायाचित्रकाराने १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजींचे रंगीत फोटो मुद्दाम मंद शटरवर काढले. बैल आणि माणूस रंगाच्या फराट्यांसारखे दिसतात. त्यांना कोणी "हललाय" म्हटलं असेल तर त्यांनी काय पुढे केलं असेल कोण जाणे, चिवडा तर नक्कीच नाही.

एक फजितीही सांगून टाकतो. सुरुवातीला एका दुकानदाराने मला पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवून फिरवायची एक काच, गळ्यात मारला. पाण्याच्या फोटोला लागतोच म्हणे. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात बघितलं की परतणारा उजेड जवळजवळ सगळा एकाच दिशेत कंप पावतो, आणि ही काच फिरवून तो नेमका अडवता येतो. मी फिरवली. सगळं प्रतिबिंब गायब झालं आणि नाग नदीचा तळ स्वच्छ दिसला. तळाशी एक चप्पल होती.

तेव्हापासून काच डब्यात आणि मी जमिनीलगत. सरळ वरून बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत करतं. नजर जितकी आडवी, तितका त्याचा आरसा होत जातो. पण सगळ्यात आधी समोरचा काठ बघायचा. पाणी सावलीत आणि काठ उन्हात, अशी वेळ सकाळी तासभर मिळते. काठावर मग निळा ड्रम चालतो, मंडपवाल्याने वाळत टाकलेलं कापड चालतं, कुणाच्या घराचा पोपटी रंगही चालतो.

हॉलमधला फोटो म्हणजे एक साडी आहे. डिसेंबरची सकाळ होती, मी पोटावर पडून लेन्समध्ये डोकं घातलेलं. पलीकडच्या काठावरून आवाज आला, "काय करून ऱ्हायले भाऊ? सर्वेवाले होय का?" सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नदीकाठी कोणी कागद किंवा कॅमेरा घेऊन दिसलं की हाच प्रश्न येतो. म्हटलं, नाही मावशी, तुमच्या साडीचा फोटो काढतोय, पाण्यातला. त्या पुलावरून फेरा मारून खास बघायला आल्या. स्क्रीन बघितला. "हे माही साडी होय? हा तं पोतेरा दिसते. थांबा, निळी टाकतो, केशरी काठाची." आणि खरंच परत जाऊन त्यांनी कोरी निळी साडी दोरीवर पसरली, चिमटेही लावले. मी सांगून जमलं नसतं इतकं नीट ऊन तिच्यावर पडत होतं.

पंधरा दिवसांनी छोटी प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, डोळे बारीक केले आणि एका झटक्यात उलटी केली. "उलटा धरला ना भाऊ. काठ खाली पाहिजे." प्रतिबिंबात सगळं उलटं दिसतं हे मी लोकांना सांगत असतो, पण पंधरा दिवस रोज बघूनही त्या फोटोत साडी मला दिसली नव्हती. त्यांनी उलटी केल्यावर दिसली, निऱ्यांसकट.

घरी आल्यावर हॉलमधली मोठी फ्रेमही उतरवून उलटी लावली. मागची तार खालच्या बाजूला गेली होती, ती काढून नव्याने ठोकावी लागली.