नागपूरला झालेले ऐक्य आणि त्यानंतर राहून गेलेले काम

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरमध्ये सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी, म्हणजे चर्च-संघटनांनी, आपले स्वतंत्र अस्तित्व संपवून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एकच मंडळी स्थापन केली. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच एकत्र आलेली युनायटेड चर्च; बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे हे सगळे होते. ज्यांच्या पूर्वजांनी युरोपात एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले, एकमेकांचे बाप्तिस्मे नाकारले आणि प्रसंगी एकमेकांना तुरुंगात धाडले, अशा परंपरा महाराष्ट्राच्या भूमीवर एका मेजाभोवती आल्या. त्या घटनेविषयी आपल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये फारच कमी बोलले जाते, याची मला खंत वाटते. आज मंडळीतील फुटीची तक्रार प्रत्येक जण करतो, परंतु ऐक्य एकदा प्रत्यक्षात कसे साधले गेले आणि ते कुठे अपुरे राहिले, हे तपासून पाहण्याचा कंटाळा आपण करतो.

माझे माहेरचे आणि सासरचे दोन्ही लोक अहमदनगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. एक घर काँग्रिगेशनल परंपरेच्या अमेरिकन मिशनचे आणि दुसरे एस.पी.जी.चे, म्हणजे इंग्लंडच्या एका अँग्लिकन मिशनचे. बाहेरच्या माणसाला या दोन शब्दांतला फरक कळणार नाही, पण आमच्याकडे सोयरीक जुळवताना अजूनही एखादी वडीलधारी बाई हळूच विचारते, “ते आपल्यातले की एस.पी.जी.वाले?” हा प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीला काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन यांच्यातील धर्मशास्त्रीय मतभेद सांगता येतील असे नाही. तिला एवढेच ठाऊक असते की आपल्या गावात पहिल्यांदा कोणत्या मिशनचे साहेब आले होते.

महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट पंथभेदांचे मूळ बहुतांशी असेच भौगोलिक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे नगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. जॉन विल्सन यांच्यामुळे मुंबईत आणि स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे नागपुरात स्कॉटिश मिशनचे बस्तान बसले. कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे, नाशिकजवळचे शरणपूर अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे, यवतमाळ फ्री मेथडिस्टांकडे, अकोला आणि खानदेशाचा बराच भाग ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनकडे, तर डहाणूचा पट्टा ब्रदरेनकडे गेला. एका मिशनने दुसऱ्याच्या क्षेत्रात जाऊ नये असा शिष्टाचार मिशनांमध्ये हळूहळू रूढ झाला. त्याचा भंग झाला की कटुता येई, आणि १८७०च्या दशकात एस.पी.जी. नगरमध्ये आली तेव्हा ती आलीच. याचा अर्थ असा की येवल्याकडचा शेतमजूर अँग्लिकन झाला आणि राहुरीकडचा काँग्रिगेशनल, यामागे त्या दोघांचा कोणताही विचारपूर्वक केलेला निर्णय नव्हता. जी भिंत आपण बांधलीच नाही, तिच्या रक्षणासाठी आपण इतकी शक्ती खर्च करावी, हे मला कधीच पटलेले नाही.

हे आपल्या पूर्वजांच्या लक्षात आले नव्हते असे अजिबात नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. परंतु पंथांचा तो बुजबुजाट पाहून त्या गोंधळून गेल्या, आणि ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून सुटून आलेली मी आता दुसऱ्या पुरोहितशाहीचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्टपणे कळवले. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका पंथाला बांधून ठेवले नाही. नारायण वामन टिळक अमेरिकन मिशनमध्ये १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या मिशनबरोबर राहिले, परंतु १९१७ मध्ये मिशनचा पगार आणि चौकट सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्याच महिन्याच्या आरंभी, १ आणि २ मे रोजी, तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार येथे बिशप अझरया आणि इतर पाळक जमले होते, आणि त्यांनी एक निवेदन काढले. त्यात असे म्हटले होते की ज्या फुटींमुळे आपण दुर्बळ झालो आहोत त्या आपण निर्माण केलेल्या नाहीत, त्या बाहेरून आपल्यावर लादल्या गेल्या आहेत आणि त्या पुढे चालू ठेवण्याची आपली इच्छा नाही. त्या निवेदनातून १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया जन्माला आली. उत्तरेत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल १९२४ मध्ये एकत्र आले, आणि त्यानंतर सर्वांच्या ऐक्याची बोलणी चार दशके चालली.

चार दशके का लागली, हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यातच आजच्यासाठी खरा धडा आहे. सर्वांत अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स यांच्या मते, ज्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला आहे त्यालाच बाप्तिस्मा देता येतो, आणि तोही पाण्यात बुडवून. ही केवळ पद्धतीतली तफावत नाही. एकाच्या दृष्टीने दुसऱ्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नसतो, आणि सोळाव्या शतकात या एका मुद्द्यावरून माणसे नदीत बुडवून मारली गेली आहेत. नागपूरच्या योजनेने कोणाचे बरोबर याचा निकाल लावला नाही. एकाच मंडळीत दोन्ही प्रथा मान्य केल्या. एखाद्या पाळकाच्या विवेकबुद्धीला बाळाचा बाप्तिस्मा पटत नसेल तर त्याच्यावर सक्ती करायची नाही, दुसऱ्या पाळकाला बोलवायचे, असा मार्ग काढला. बाळपणी बाप्तिस्मा न झालेल्या मुलांसाठी अर्पणविधी आणि मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली, तर बाळपणी झालेल्यांसाठी पुढे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, अशा दोन वाटांनी शेवटी एकाच प्रभुभोजनापर्यंत पोहोचायचे.

दुसरा प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा होता. बिशपच्या हातून दीक्षा न झालेला पाळक खरा पाळक आहे काय, असा प्रश्न अँग्लिकनांना पडत होता, आणि तसे विचारणे हाच इतरांना अपमान वाटत होता. दक्षिणेत हा प्रश्न काळावर सोपवला गेला होता. नागपूरला वेगळी रीत स्वीकारली गेली. प्रत्येक मंडळीच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली आणि प्रत्येकात जे काही उणे असेल ते देवाने भरून काढावे अशी विनंती केली. कोणात काय उणे होते हे कोणीही बोलून दाखवले नाही. काही टीकाकारांनी याला संदिग्धता म्हटले. मला मात्र यात मोठी नम्रता दिसते, कारण हात ठेवणारा प्रत्येक जण त्याच वेळी मस्तक वाकवणाराही होता.

अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे हटली. पुढे १९८१ मध्ये ती स्वतंत्रपणे ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाली. इतर काही गटही बाहेर राहिले. तरीही झाले ते काही थोडे नव्हते.

मग पुढे काय बिनसले? माझ्या मते, धर्मशास्त्र जेवढ्या काळजीने जुळवले गेले तेवढी काळजी मालमत्तेच्या बाबतीत घेतली गेली नाही. मिशनच्या शाळा, दवाखाने, बंगले, शेतजमिनी आणि कबरस्ताने वेगवेगळ्या नोंदणीकृत संस्थांच्या आणि न्यासांच्या नावावर होती. मंडळ्या प्रार्थनेने एक झाल्या, परंतु सातबारा आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंद प्रार्थनेने बदलत नाही. गुजरातमधील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरेनचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की केवळ विलीनीकरणाचा ठराव केल्याने जुनी संस्था कायद्याने विसर्जित होत नाही, आणि म्हणून तिची मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे गेली असे मानता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे. मला यातना होतात त्या एका वेगळ्या कारणाने: एकाच बायबलवर हात ठेवणारी माणसे तीन-चार दशके एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रे करत राहिली. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या मंडळीत जाऊन विचारा, तिथेही असा एखादा दावा चालू असल्याचे किंवा नुकताच संपल्याचे ऐकू येईल. दोन कमिट्या, दोन शिक्के आणि कुलूप लागलेले ख्रिस्तमंदिर मी स्वतः पाहिले आहे, आणि त्या कुलपामागे एकही धर्मशास्त्रीय मुद्दा नव्हता.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात फुटीचा विषय एकदाच येऊन संपत नाही. पहिल्या अध्यायात “मी पौलाचा”, “मी अपुल्लोसाचा” असे म्हणणाऱ्या गटांना तो फटकारतो. सहाव्यात भावाने भावाला कोर्टात खेचण्याबद्दल तो विचारतो की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही. अकराव्यात प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात, यावर तो संतापतो. पुढारी, पैसा आणि पंगत या तिन्ही ठिकाणी मंडळी फुटते हे त्याला ठाऊक होते. आपण उपदेशात पहिला अध्याय पुन्हा पुन्हा घेतो आणि सहावा फारसा घेत नाही. माझ्या मते सहावा घ्यायलाच हवा, आणि त्याबरोबर काही साध्या गोष्टीही करायला हव्यात: दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब सर्व सभासदांसमोर वाचणे, जमीन विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा कोणताही व्यवहार मंडळीच्या सभेत मांडल्याशिवाय न करणे, आणि वाद झालाच तर दुसऱ्या मंडळीतील दोघातिघा विश्वासू माणसांसमोर आधी बसणे. यात अलौकिक असे काहीच नाही, पण जिथे हिशेब उघडा असतो तिथे गटबाजी कमी होते, हे मी पाहिले आहे.

पंगतीबद्दल लिहिताना हात जड होतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रोटेस्टंट कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आली. मिशनऱ्यांनी एकाच प्याल्यातून प्रभुभोजन देण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी काही सभासद गमावले, ही त्यांची मोठी कमाई. परंतु लग्न ठरवताना, कमिटीची निवडणूक लढवताना आणि कधी कधी पाळकाची नेमणूक होताना जात अजूनही दबक्या आवाजात बोलते. पंथांचे नाव घेऊन चाललेले अनेक वाद मुळात हेच असतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती दलितांना मिळत नाही, आणि त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी दुसरे असे जगणे अनेकांच्या वाट्याला येते. या अन्यायाविरुद्ध कॅथलिक बिशपांची परिषद आणि नागपूरला मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस या दोन्ही संस्था एकत्र उभ्या आहेत. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये त्या मिळून दलित मुक्ती रविवार पाळतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे प्रभुभोजन आजही एकत्र होऊ शकत नाही, पण पीडिताच्या बाजूने उभे राहण्यासाठी त्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.

कॅथलिक बंधुभगिनींशी असलेले आपले नाते गेल्या साठ वर्षांत खूप सुधारले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यविषयक आदेश काढल्यानंतर वातावरण बदलले, आणि पाणी व त्रैक्याच्या नावाने झालेला आपला बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा पुन्हा देत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रोटेस्टंट घरांतही आवडीने वाचले जाते, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी एकेकाळी ज्याचे अध्यक्षपद भूषवले त्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनात दोन्हीकडचे लेखक एका व्यासपीठावर बसतात. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. तो आपल्याकडे बहुतेक वेळा एका संध्याकाळच्या संयुक्त भक्तीवर भागवला जातो, आणि त्याहून अधिक काही करता येईल असे मला वाटते. कबरस्तानाची देखभाल दोन्ही मंडळ्यांनी मिळून करावी, इथपासून सुरुवात होऊ शकते.

सध्याची सर्वांत ताजी फूट मात्र जुन्या पंथांमधली नाही. भाड्याच्या सभागृहात, गच्चीवर, दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या नव्या फेलोशिपकडे आपली तरुण मुले जात आहेत. तिथे त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा होतो, आणि आजी घरी रडते की मग आम्ही दिलेला बाप्तिस्मा खोटा होता काय. जुन्या मंडळीतील वडील “आमची मेंढरे पळवली” म्हणतात, नव्या मंडळीतील पास्टर “तुमच्याकडे जीवन नाही” म्हणतात. या ठिकाणी नागपूरचा अनुभव फार उपयोगी आहे, कारण ज्या प्रश्नावर आज कुटुंबे तुटत आहेत तो प्रश्न १९७० मध्ये आपल्याच वडीलधाऱ्यांनी हाताळला होता. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी, जी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली, अनेक पंथांचे विद्यार्थी एका वर्गात शिकतात, आणि पुढे त्यांतलेच काही जण जुन्या वेदीमागे तर काही नव्या गाळ्यात उभे राहतात. त्यांची एकमेकांशी ओळख आधीपासून असते. ती ओळख पाळक झाल्यावर का पुसली जावी?

माझ्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी या वर्षी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. पहिली अशी की आपल्या परिसरातील नव्या फेलोशिपच्या पास्टरांना वर्षातून काही वेळा वचन सांगण्यासाठी बोलवावे आणि आपल्या पाळकबुवांनीही त्यांच्याकडे जावे. दुसरी अशी की मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेण्याची इच्छा असलेल्या तरुणाशी आणि त्याच्या घरच्यांशी दोन्ही बाजूंच्या पाळकांनी एकत्र बसून बोलल्याशिवाय कोणीही तो देऊ नये. पहिल्या सूचनेला फारसा विरोध झाला नाही. दुसरीवर बराच वेळ चर्चा झाली, काही जण नाराज झाले, आणि ती पुढच्या सभेपर्यंत ठेवली आहे. तोपर्यंत मी नागपूरच्या योजनेतील बाप्तिस्म्याचा भाग मराठीत सोप्या भाषेत उतरवून कमिटीच्या प्रत्येक सभासदाला देणार आहे.